एका वेळी एकच डबा

१७ सप्टेंबर, मंगळवार

बेंच घरात आला. म्हणजे मी आणि माझा मित्र डस्टीनं त्याच्या पिकअपमधून आणला, तो दारात अडकला, आम्ही दाराची चौकट काढली, बेंच आत घेतला आणि चौकट परत ठोकली. आता तो धुण्याच्या खोलीत ड्रायरला खेटून उभा आहे. आईला कपड्यांची टोपली ठेवायला जागा राहिलेली नाही. ती म्हणाली, "कॉलेज सोडून आलास, निदान एकटा येशील असं वाटलं होतं."

बेंच म्हणजे कामाचं जाड टेबल, ऑर्विन स्टेनरुडचं. मारिटच्या बापाचा. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं मला हाक मारली तेव्हा वाटलं, झालं, आता सगळ्यांदेखत वाभाडे काढणार. बोझमनला कॉलेजच्या नाचाच्या रात्री मी तिच्याबरोबर नाचणाऱ्या पोराचं नाक फोडलं, मारिट माझ्याशी बोलेनाशी झाली, मे महिन्यात ती कॉलेज सोडून गावी आली, आणि आता तिच्या मागोमाग मीही आलो. हे गावात कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण म्हातारा म्हणाला, "डगन, तुझ्या घरी भिंतीला पक्कं टेबल बसवायला जागा आहे का?"

आहे म्हणालो. नसती तरी आहे म्हणालो असतो.

त्याला काडतुसं भरायचा त्याचा सगळा संसार माझ्याकडे हलवायचा आहे. मारिट आजोबांची बंदूक वापरते. तिची काडतुसं दुकानात कधीच मिळेनाशी झालीत, म्हणून ती बारा वर्षांची झाल्यापासून दर हंगामाला म्हातारा स्वतः वीस काडतुसं भरतो आणि शिकारीच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डबी तिच्या हातात देतो. यंदा ती वीस मी भरायची, तो शिकवणार. "आणि मारिटला कळता कामा नये," म्हणाला. "डबी माझ्या हातची आहे असंच तिला वाटलं पाहिजे."

का, ते विचारलं नाही. तिच्या घरात जायला दार उघडत असेल तर मी त्यांचं गवतसुद्धा कात्रीनं कापीन.

२१ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस नुसता बेंच बसवतोय. मला वाटलं होतं टेबल ठेवायचं, वर प्रेस ठेवायचा, कामाला लागायचं. म्हातारा आला, स्टुलावर बसला, हात जॅकेटच्या खिशात घातले आणि म्हणाला, "हलव."

मी हलवलं. हललं.

"लिव्हर दाबताना टेबल हललं तर गोळी तिरकी बसते. भिंतीतला वासा शोध. वाशात बोल्ट जाऊ दे, नुसत्या पातळ फळीत नको."

वासा शोधायला अर्धा दिवस गेला. भिंतीला पडलेली चुकीची भोकं आईनं अजून पाहिलेली नाहीत, तिथं कॅलेंडर लावलंय. मग गोळी दाबून बसवायचा प्रेस बसवला. तो लोखंडी, ओतीव, वजनाला वासराएवढा. एका टोकाला बंदुकीच्या दारूचं माप आलं. वर काचेचं नळकांडं, त्यात दारू ओतायची, दांडी फिरवली की ठरलेली दारू खाली काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत पडते. मापाशेजारी काटा. काटा मांडला तर सुई थरथरायला लागली. म्हातारा एकदम म्हणाला, "बंद कर ते!" आवाज चढवून. मी दचकलो. चालू काय होतं, तर ड्रायर. ड्रायरनं भिंत हलते, भिंतीनं बेंच, बेंचानं काटा. वर गरम हवेची जाळी नेमकी काट्यावर येते. ती पुठ्ठा लावून बंद केली.

आई म्हणाली, "म्हणजे तुमच्या बंदुकीसाठी माझे कपडे ओले राहायचे?"

"फक्त दारू मोजताना, कॉनी," म्हातारा म्हणाला.

आईनं त्याला कॉफी दिली. अर्धाच कप. स्वतःला मात्र काठोकाठ. मला लाज वाटली. पाहुण्याला कुणी असं देतं का? आणि म्हाताऱ्याचंही बघा: चार दिवसांत एका स्क्रूला हात लावला नाही. सरदारासारखा बसतो आणि हुकूम सोडतो. बूटही आजकाल शेतातले रबरी, नाडीविना, कोरड्या उन्हात. श्रीमंत नाही पण तोरा आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

मांडणी झाली. डावीकडून उजवीकडे काम सरकतं: साफ केलेल्या पुंगळ्या, प्रेस, मग माप आणि काटा, शेवटी तयार माल. पुंगळीच्या बुडात बसवायच्या टोप्या समोरच्या भिंतीवरच्या वेगळ्या कपाटात, दारूपासून लांब. दारूचे डबे खाली, लाकडी कप्प्यात, ड्रायरच्या उष्णतेपासून दूर. दोन डबे आहेत. एक मारिटच्या बंदुकीचा. दुसरा मी कालच आणला, माझ्या हरणाच्या बंदुकीसाठी. कोरा, सील न उघडलेला. दोन्हींतली दारू बारीक करड्या काड्यांची. शेजारी शेजारी ओतली तर मला ओळखू येणार नाही, आणि म्हातारा म्हणतो त्यालाही येणार नाही. पण माझी झपकन जळते, तिची सावकाश. मारिटच्या पुंगळीत माझी गेली तर बंदूक तिच्या तोंडापाशी फुटेल.

हे त्यानं हवामान सांगावं तसं सांगितलं. मग नियम. "एका वेळी बेंचवर एकच डबा. दुसरा कप्प्यात, कप्पा बंद. उठायचं झालं तर माप रिकामं करून उठायचं."

"मुतायला गेलो तरी?"

"मुतायला गेलास तरी. फोन दुसऱ्या खोलीत. आणि डोकं तापलं असेल त्या दिवशी इथं बसायचंच नाही."

"माझं डोकं कुठं तापतं?"

आई स्वयंपाकघरातून हसली. इतकं हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

मापाची दांडी फिरवून दाखवा म्हणालो, तर "तूच फिरव, मी बघतो." स्वतः फिरवायला काय जातं? मी फिरवली. पहिल्या दहा वेळा कमी-जास्त पडली. "हात घाई करतोय," म्हणाला. "सगळ्या वेळी सारखाच झटका. हळू नको, जोरात नको, सारखा." मग बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. इतका की मला अवघडल्यासारखं झालं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

म्हातारा आला नाही. गुरुवारी येतच नाही. दुपारी मारिटच्या घरावरून दोनदा गेलो. पिकअप नाही. डस्टी म्हणतो, ती हल्ली गुरुवारी बिलिंग्ज शहरात जाते, केस धुऊन, चांगला कोट घालून. जाऊ दे. मला काय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पेट्रोल पंपावर मारिट भेटली. पाच महिन्यांत पहिल्यांदा सरळ बोललो.

"तू कॉलेज सोडलंस," ती म्हणाली.

"तूही सोडलंस."

"माझं वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"लेन, सगळ्या गोष्टी तुझ्याभोवती फिरत नाहीत रे." पण रागानं नाही म्हणाली. दमल्यासारखी म्हणाली. डोळ्यांखाली काळं आलंय. मी म्हणालो, माझा अजून जीव आहे तुझ्यावर. ती म्हणाली, "पेट्रोल सांडतंय." खरंच सांडत होतं, माझ्या बुटावर.

मग तिनं विचारलं, "बाबा दुपारी कुठं जातो, तुला माहीत आहे? विचारलं तर म्हणतो, पोस्टात. रोज पोस्टात काय असतं?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो, पण वचन ते वचन.

तिच्या कोटाच्या बाहीवर एक गोल चिकटपट्टी राहिली होती, हॉस्पिटलात भेटायला आलेल्यांना देतात तसली. बिलिंग्जचं नाव होतं. घरी येईपर्यंत कोडं सुटलं. तो डॉक्टर आहे. अर्थात डॉक्टरच असणार. नाक फोडणाऱ्याला सोडून नाक जोडणारा धरला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज दारू मोजायचं मुख्य काम. आईला सकाळीच सांगितलं, ड्रायर नको. तिनं कपडे बाहेर दोरीवर टाकले आणि मला ऐकू जाईल एवढ्यानं पुटपुटली. मारिटचा डबा बेंचवर, माझा कप्प्यात. बारा काडतुसं अशी झाली की मलाच अभिमान वाटला. दांडीचा झटका सारखा, काट्याची सुई दर वेळी एकाच रेघेवर. म्हातारा असता तर त्यालासुद्धा खोट काढता आली नसती.

मग फोन वाजला. खिशातच राहिला होता. डस्टी, टायर आणायला बिलिंग्जला गेलेला. "तुझी मारिट इथं आहे. हॉस्पिटलच्या दारात. पांढऱ्या कोटवाला उंच माणूस, तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलतोय आणि ही रडतेय."

"रडतेय म्हणजे?"

"आता तुझ्यासाठी नक्कीच नाही, एवढं सांगतो."

उठलो, गाडी काढली, नदीपर्यंत गेलो. तिथं दगडाला लाथ मारली, अंगठा सुजलाय. परत आलो. वाटलं, माझ्या बंदुकीसाठी पाच-सहा काडतुसं भरावीत आणि खदानीत जाऊन डब्यांवर उडवावीत, म्हणजे डोकं शांत होईल. माझा डबा काढला. मग तेही नको झालं. सगळं तसंच टाकून पडून राहिलो. आईनं ओव्हनमध्ये मांस-बटाट्याचं हॉटडिश केलं होतं. जेवलो नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी शांत होतो. आईनं बेंच आवरून ठेवला होता, डबे कप्प्यात परत. मारिटचा काढून समोर ठेवला. मापात दारू होतीच. राहिलेली आठ भरली, गोळ्या बसवल्या. वीस झाली. डबीत सगळी एकत्र रचली. दिसायला सुरेख.

२० ऑक्टोबर, रविवार

म्हातारा चर्चमधून थेट आला. बेंचवर वाकून एकेक काडतूस मला उजेडात धरायला लावलं, "फिरव... अजून... ठेव." गोळीची उंची मोजायला लावली. सगळं बरोबर.

"मधे उठलास का?"

"एकदा."

"माप रिकामं केलंस?"

"हो."

आता केलं असतं तर काय आणि नसतं तर काय. डबा समोर तोच होता. इतक्या बारीकसारीक गोष्टींसाठी त्याचं लांबलचक भाषण ऐकायची ताकद नव्हती.

तो मान हलवून म्हणाला, "चांगलं काम केलंस, डगन." कॉलेजातल्या दोन वर्षांत मला हे वाक्य कुणी म्हणालेलं आठवत नाही. मग म्हणाला, "शुक्रवारी जेवायला ये." डबी त्याच्या जॅकेटच्या मोठ्या खिशात मी ठेवली, त्यानं खिसा पुढं केला म्हणून.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

त्यांच्या टेबलावर बसून जेवलो! एल्कच्या, म्हणजे थोरल्या हरणाच्या मांसाचे गोळे, बटाटे आणि मारिटनं केलेली लेफ्सा, बटाट्याची पातळ पोळी, बटर-साखर लावून गुंडाळलेली. मारिटनं बापाच्या ताटातलं मांस स्वयंपाकघरातच बारीक कापून आणलं होतं. लाडावलाय म्हातारा.

जेवण झाल्यावर त्यानं डबी काढली. उचलून दिली नाही, मनगटानं टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "वीस आहेत. एकच लागली पाहिजे."

"दर वर्षी हेच म्हणतोस, बाबा."

"दर वर्षी तुला दोन लागतात."

ती हसली. डबी उघडून एक काडतूस बाहेर काढलं, दिव्याखाली फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी बटाट्यांकडे पाहिलं. "सुंदर झालीत," ती म्हणाली. बापाला म्हणाली, पण माझ्याकडे बघून. 

उद्या हंगामाचा पहिला दिवस. ती आणि म्हातारा पहाटे वरच्या कुरणाकडे निघणार. मी माझ्या हरणाला. डॉक्टर काही एल्क मारायला येत नाही, हे विसरून चालणार नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

पहाटे उठलो. माझ्या बंदुकीला काडतुसं कमी होती, म्हटलं चार भरून घेऊ. कप्प्यातून माझा डबा काढला. झाकण फिरवलं तर सहज फिरलं. सील तुटलेलं होतं. डबा काठापासून दोन बोटं खाली.

मी तो कधी उघडलाच नव्हता अशी माझी खात्री होती. तिथंच उभा राहिलो आणि मग हाताला आठवलं, डोक्याला नाही. सील नखानं ओढल्याचं आठवलं, मापात ओतताना बाहेर सांडल्याचं आठवलं. त्या गुरुवारी, नदीवरून आल्यावर. मापात मारिटची दारू अर्धी होती, वर मी माझी ओतली होती आणि निघून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यातूनच आठ भरली. वीसमधली कुठली आठ, ते आता देवालाही सांगता येणार नाही.

फोन लावला. वरच्या कुरणावर फोन लागतच नाही, तरी लावला. मग निघालो. डोक्यात दोनच गोष्टी आलटून पालटून. सांगितलं तर म्हाताऱ्याचं गुपित फुटतं, आणि मी खोटं बोललो हेही. नाही सांगितलं तर मारिटचा चेहरा.

लाज वाटते लिहायला, पण फाट्यापर्यंत मी हिशेब करत होतो की तिला एकच गोळी लागेल, ती बारामधलीच निघण्याची शक्यता जास्त. फाट्यावर गाडी कुरणाच्या रस्त्याला वळवली. मग हिशेब केला नाही.

पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. बंदूक चालवता येईल इतका उजेड. म्हाताऱ्याची पिकअप कुंपणाशी, आत तो. वर टेकाडावर मारिटचा शिकारीचा केशरी कोट आडवा झालेला. आणि खालच्या कुरणात एल्क. अख्खा कळप, धुक्यात उभा, मध्ये एक नर, शिंगं एवढी की वर्षभर गावात दुसरा विषय निघाला नसता. केशरी कोट हलला. ती बंदूक खांद्याला लावत होती.

मी हॉर्नवर दोन्ही हात ठेवले आणि काढलेच नाहीत.

कळप असा उडाला की जमीन हलली. पलीकडच्या टेकाडावरून दुसऱ्या शिकाऱ्यांच्या दोन केशरी टोप्या उभ्या राहिल्या आणि जे काही ओरडायला लागल्या ते इथं लिहीत नाही. हंगामाच्या पहिल्या सकाळी हॉर्न वाजवणारा माणूस या गावात म्हातारा होईपर्यंत ओळखला जाईल. वाजवतच राहिलो. मग उतरून वर हात करून किंचाळलो, "मारू नको! मारिट, मारू नको!"

ती उतरून आली, लालबुंद. "वेडा झालास का? तू... बाबा, हा..."

"काडतुसं काढ. बंदुकीतली काढ आधी."

"काय?"

"त्यातली आठ चुकीची आहेत. कुठली ते माहीत नाही. मी भरलीत. तुझ्या बाबांनी नाही, मी." आणि म्हाताऱ्याकडे वळलो. तो गाडीतून उतरला होता. "माप रिकामं केलं नव्हतं, मिस्टर स्टेनरुड. मी खोटं बोललो. माझी दारू वर ओतली गेली. राग आला होता म्हणून."

मारिटनं चापाला हात न लावता बंदुकीची मागची दांडी पुन्हापुन्हा मागं ओढली. पाच काडतुसं गवतात पडली. तिनं ती वेचली, डबीत घातली, डबी माझ्या हातात दिली.

म्हाताऱ्यानं खिशातून हात काढले. बंदूक धरायला म्हणून पुढं केले असावेत. दोन्ही हात हलत होते. थंडीनं हलतात तसे नाही. वेगळे, आपापले, जणू दुसऱ्या कुणाचे. त्यानं ते बघितले, मी बघितले, आणि परत खिशात घालायची घाई त्यानं केली नाही.

"कधीपासून?" मी म्हणालो. मूर्खासारखं.

"गेल्या हिवाळ्यापासून. मार्चमध्ये एका पुंगळीत दोनदा दारू पडली. वेळीच दिसलं. त्या दिवशी बेंच बंद केला." मग मारिटला म्हणाला, "बेंच बंद केल्याचं तुला सांगायचं नव्हतं."

"बाबा, तुझ्या शर्टाची बटणं रोज सकाळी कोण लावतं?" ती म्हणाली. "मी लावते. आणि काडतुसात दारू मोजून कोण घालणार, तू? एक तर देव, नाहीतर लेन. देवाकडं धुण्याची खोली नाही. कॉनीनं मला चर्चमध्ये सांगितलं, तुमच्यामुळं तिचे कपडे बाहेर वाळतात."

"मग तू ती घेतलीस कशी?" मी विचारलं.

"लेननं भरली म्हणूनच घेतली." ती बापाकडे बघत म्हणाली. "महिनाभर एका गोष्टीला टिकून बसलेला लेन मी पाहिला नव्हता. म्हटलं बसला. म्हटलं, याचा हात स्थिर झाला."



म्हातारा म्हणाला, "राग कशाचा आला होता?"

मी सांगितलं. बिलिंग्ज, गुरुवार, डॉक्टर, खांद्यावर हात.

मारिट माझ्याकडे बघत राहिली. "तो बाबाचा डॉक्टर आहे, गाढवा. त्याला चार नातवंडं आहेत. आणि बाबा आत होता, टोपी शोधत."

२७ ऑक्टोबर, रविवार

पंपावर तीन जणांनी मला बघून हॉर्न वाजवला. डस्टी पहिला.

दुपारी दोघं आले. म्हाताऱ्यानं मला वीसच्या वीस फोडायला लावली. त्यासाठी प्लास्टिकचा हातोडा असतो, पोटात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. तीन-चार ठोक्यांत गोळी आणि दारू बाहेर येते. वीस वेळा आपटलं. बारा चांगलीही फोडली, कारण चांगली कुठली ते माहीत नाही. दारू एका बशीत जमा झाली. करड्या काड्या, सगळ्या सारख्या. बोटानं पसरून पाहिल्या. काही वेगळं दिसत नाही.

"पाहून घे," म्हातारा म्हणाला. "एवढंच दिसतं."

बोलणी खायला मी तयार होतो. त्यानं एवढंच बोलून थांबवलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

मिसळलेली दारू डब्यात परत जात नाही. आईच्या गुलाबांच्या वाफ्यात शिंपडली, पावसात विरघळून खत होते. माझा डबा आणि मारिटचा उरलेला, भरवसा नको म्हणून दोन्ही शिंपडले. आई खिडकीतून म्हणाली, "यंदा गुलाब उडतील वाटतं."

मारिट जाताना माझ्याशी बोलली नाही. पण म्हाताऱ्याचा कप आईनं अर्धा भरला, तेव्हा मारिटनं आईकडे बघून हलकेच मान हलवली. तेव्हा कुठं मला तो अर्धा कप समजला.

३० ऑक्टोबर, बुधवार

बेंच परत उघडला. बोल्ट काढले, भिंतीपासून ओढला, पाव फेरा वळवला. आता प्रेस डाव्या टोकाला आहे आणि समोर दुसऱ्या स्टुलाला जागा. लिव्हरला डस्टीच्या दुकानातल्या लोखंडी नळीचा तुकडा जोडला, जाड, मुठीत भरेल असा, रबर गुंडाळलेला. दारूचं टोक माझं, प्रेसचं टोक मोकळं. कप्प्याला कडी लावली. आत एकच डबा मावेल असा कप्पा केला, मुद्दाम. आता दुसरा डबा या खोलीत राहणारच नाही. फोन आईच्या पलंगावर.

कॅलेंडर हलवावं लागलं. आईनं भोकं पाहिली. असो.

म्हाताऱ्याला फोन केला. "बेंच झालाय. या."

"मी येऊन काय करू?"

"लिव्हर ओढायला माणूस पाहिजे."

 मग म्हणाला, "पोस्टात जातो म्हणून सांगतो घरी." आणि त्याच्यामागून मारिटचा आवाज: "अरे, सरळ सांग ना!"

२ नोव्हेंबर, शनिवार

नवीन डबा, नवीन सील, मारिटच्या देखत फोडलं. ती बंद ड्रायरवर पाय हलवत बसली होती. आईनं कपडे दोरीवर टाकले, आज पुटपुटली नाही.

मी दारू मोजायची, पुंगळी म्हाताऱ्यासमोरच्या खोबणीत ठेवायची, वर गोळी टेकवायची. मग तो लिव्हर खाली ओढायचा. लिव्हर हातात आला की त्याचा हात तेवढ्यापुरता थांबतो. मी विचारलं कसं, तर म्हणाला, "ओझं लागतं हाताला. ओझं असलं की आठवतं त्याला." गोळ्या सरळ बसल्या, एकूण एक. माझ्याहून सरळ.

मधे मला शिंक आली. उठलो, माप रिकामं केलं, नाक शिंकरून आलो, परत भरलं. मारिट म्हणाली, "शिंकेसाठीसुद्धा?"

"शिंकेसाठीसुद्धा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

वीस झाली. या वेळी टेबल, जेवण काही नाही. म्हाताऱ्यानं डबी तशीच मनगटानं बेंचवरून सरकवली, मधे अर्ध्यावर ती थांबली, पुढं मी सरकवली. मारिटनं उचलली.

तिनं दारात मला विचारलं, "गुरुवारी काय करतोयस?"

"काही नाही."

"बाबाला माझं ड्रायव्हिंग आवडत नाही. बिलिंग्जला तू चालव. आणि लेन, जास्त अर्थ काढू नकोस."

काढत नाही. काढत नाही म्हणून तीनदा लिहिलं आणि खोडलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

चालवली. जाताना म्हातारा पुढं, मारिट मागं. हॉस्पिटलात मी बाहेरच्या खुर्चीवर बसून होतो, बाहीवर ती गोल चिकटपट्टी लावून. तो उंच डॉक्टर बाहेर आला, मारिटच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी सांगितलं. ती रडली. मी खुर्चीतच बसून राहिलो. मग जाऊन तिला कॉफी दिली. डॉक्टर मला म्हणाला, "तुम्ही घरचे का?" मारिट म्हणाली, "हा आमचं दारूचं बघतो." 

येताना घाटावर वळणाला एल्क. पंधरा-वीस, माद्या आणि पिलं, रस्त्याच्या मधोमध, उतरत्या उन्हात, जागचे हलायला तयार नाहीत. मागं ट्रक येऊन थांबला, दिवे मारायला लागला. मी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवर, दोन्ही, हॉर्नपासून लांब.

म्हातारा म्हणाला, "वाजव ना, डगन. त्यात तुझा हात बसलाय."

मागं मारिट इतकी हसली की कॉफी सांडली. मी वाजवला नाही. शेवटचं पिलू कुंपणात पाय अडकवून बसलं, मग सुटलं, मग गेलं. तोवर थांबलो.